सुभेदाराची परीक्षा

आमच्या आईनं 'खाऊन जा' म्हणणं सोडलं ते एका रविवारी. त्याआधी हे दोन शब्द तिच्या तोंडून दिवसातून वीस वेळा तरी निघत. मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस, सिलिंडर खांद्यावरून उतरवणारा, पोलिओच्या डोसाची दारावर खडूनं खूण करणारी बाई, सगळ्यांना ती विचारायची आणि 'नको' म्हणणारा माणूस नुसता लाजतोय असं तिचं ठाम मत असायचं. वडील कंपनीच्या बससाठी एका पायात बूट घालून दारात उभे असत आणि आई त्यांच्या तोंडात उभ्या उभ्याच घास कोंबत असे. उपाशी बाहेर पडलेल्या माणसाचं त्या दिवशी काही ना काही बिघडणारच, यावर तिचा गाढ विश्वास होता. त्या रविवारनंतर ते बंद झालं. दारावर आलेल्याला पाणी मिळायचं, चहा मिळायचा, पण ते दोन शब्द नाहीत. मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि मनाशी पक्कं समजून चुकले होते की ही शिक्षा मला आहे. ती मी पुढं वीसहून जास्त वर्षं मुकाट्यानं भोगली.

त्या वर्षी मी दहावीला गणितात नापास झाले होते. गणिताच्या पेपराच्या सकाळी माझं आणि आईचं भांडण झालं होतं. कारण सांगायलाही लाज वाटते. दुधावर साय होती. मी पेला ढकलला, धपाट्याची ताटली सरकवली आणि तशीच दप्तर उचलून निघाले. आई हातात दह्याची वाटी घेऊन फाटकापर्यंत धावत आली होती. "मने, दोन घास खाऊन जा गं, येवढं ऐक!" मी वळूनही बघितलं नाही. जूनमध्ये निकाल लागला तेव्हा वडिलांनी कागद दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. आईचा निष्कर्ष मात्र तयार होता. "उपाशी गेलती त्या दिवशी," ती येईल त्या बाईला सांगायची. "रिकाम्या पोटी डोकं काय चालणार लेकराचं?" मला भूमिती समजत नव्हती, बीजगणित तर त्याहून नाही, पण आईच्या मते सगळा दोष त्या न खाल्लेल्या धपाट्याचा होता. मीही ते खोडून काढलं नाही, कारण मठ्ठ ठरण्यापेक्षा उपाशी ठरणं बरं होतं.

आमचं घर हर्सूलला, तुरुंगाच्या पलीकडच्या एका रो-हाऊसच्या सोसायटीत. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागं नळाशी एक पायरी. तुरुंगातले टोले आमच्याकडं स्पष्ट ऐकू येत, आणि आई कुकर, दूध, वडिलांचा डबा सगळं त्या टोल्यांवर चालवायची. वैजापूरकडचं गाव सोडून वडील कंपनीत लागले त्याला बरीच वर्षं झाली होती, पण आईनं गावाकडची एक रीत सोडली नव्हती. चुलीवरची शेवटची भाकरी कुत्र्याची. चूल गेली, गॅस आला, तरी शेवटची भाकरी वेगळी निघायचीच आणि ती फाटकाबाहेरच्या कुठल्यातरी मरतुकड्या कुत्र्याला जायची. पुढं त्या भाकरीला घरातलाच मालक मिळाला. वडिलांच्या सुपरवायझरची बदली झाली आणि ते आपला जर्मन शेफर्ड आमच्या अंगणात बांधून गेले. कागदावर त्याचं नाव रेक्स होतं. वडील म्हणाले, "असलं नाव मला गल्लीत वरडता येणार नाय." तो अंगणात छाती काढून बसलेला बघून त्यांनीच त्याला सुभेदार केलं.

सुभेदार हा घरातला एकच प्राणी होता ज्याला माझा निकाल माहीत नव्हता. मैत्रिणी अकरावीला गेल्या, त्यांचे फोन यायचे बंद झाले. शेजारच्या बाया माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं हळू बोलायच्या. मी दिवसभर मागच्या पायरीवर गणिताचं पुस्तक उघडून बसायची आणि सुभेदार माझ्या पावलांवर हनुवटी टेकून पडून राहायचा. त्याच्या अंगाला ओल्या गोणपाटासारखा वास यायचा. अजून कुठं तो वास आला की मी वळून बघते. त्याला मी माझं सगळं सांगितलं होतं. घरातून निघून जावं असं दोनदा मनात आलं होतं तेही. जावं आणि परत येऊ नये, अशा अर्थानं. हे आजवर मी कोणालाच सांगितलेलं नाही. आता या वयात लपवून तरी काय करायचं?

आणि मग त्यानं कुलकर्णी गुरुजींना पाडलं. मी त्याला साखळीनं फिरवत होते, समोरून सायकल गेली, सुभेदार तिच्यामागं सुटला, साखळी माझ्या हातून निसटली आणि कोपऱ्यावर दुधाची पिशवी घेऊन उभे असलेले निवृत्त मास्तर मध्ये सापडले. खुब्याचं हाड मोडलं. चावला नव्हता तो, पण ते कोण ऐकणार? सोसायटीची मीटिंग आमच्याच ओट्यावर भरली. चेअरमन साळवेकाका तसे भले गृहस्थ. त्यांनी चहाही घेतला. "बाबुराव, माझं तुमच्याशी वैर नाय," ते वडिलांना म्हणाले, "पन उद्या एखाद्या लेकराला पाडलं तर मी काय तोंड दाखवू? छावनीत कुत्र्यांचा क्लब हाय. तिथं शिकवा त्याला, परीक्षा द्या, पास झाल्याचा कागद आना. न्हाईतर गनपती झाल्यावर कुत्रं हितं दिसायला नको." वडिलांनी मान डोलावली. कागद आला नाही तर सुभेदार कुठं जाणार हे ठरलेलंच होतं, मामाच्या मळ्यात, कांद्याच्या चाळीला राखण. मामाच्या मळ्यात कुत्रं टिकत नसे. एक ट्रॅक्टरखाली गेलं, एकाला बिबट्यानं नेलं, एक उन्हात साखळीला वेटाळून मेलं. मामा दर वेळी नवं आणायचा.

तेव्हा परीक्षा देणार होता कुत्रा, पण नापास होण्याचा अनुभव घरात माझ्याकडंच होता. म्हणून की काय, वडिलांनी साखळी माझ्याच हातात दिली. बुधवारी आणि रविवारी सकाळी आम्ही हर्सूलहून लष्कराच्या छावणीतल्या मैदानापर्यंत चालत जायचो, कारण सुभेदाराला बघून रिक्षावाले वेगच वाढवायचे. मैदानावर बंगल्यातली माणसं गाड्यांतून यायची. त्यांच्या लॅब्रॅडॉरच्या गळ्यात रंगीत पट्टे, खिशात परदेशी बिस्किटं. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नसे. माझ्या पिशवीत तुपावर परतलेले भाकरीचे तुकडे. पहिल्या दिवशी सुभेदारानं मला मैदानभर फरपटत नेलं आणि एका डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्याशुभ्र कुत्रीशेजारी नेऊन माझ्या अंगावरच पाय वर केला. सगळे हसले. मीही हसले आणि घरी येऊन मोरीत बसून रडले.

शिकवायला होते शफीसर. पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले, डाव्या हाताचं एक बोट अर्धं तुटलेलं, मेंदी लावलेली दाढी. महिनाभर त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही असं मला वाटत होतं. मी 'सिट' म्हणायची आणि सुभेदार आभाळात घारी मोजायचा. बाकी कुत्रे बसत, उठत, वळत. आमचा एक टप्पाही पुढं सरकत नव्हता. रोज रात्री कॅलेंडरवर गणपतीचा दिवस जवळ आलेला दिसायचा आणि मी उरलेले बुधवार-रविवार बोटांवर मोजायची. एका बुधवारी मी ओरडून ओरडून घसा बसवला आणि शेवटी साखळी टाकून मातीतच बसले. शफीसर आले, माझ्याशेजारी उकिडवे बसले.

"बेटा, तू चिल्ला रई," ते म्हणाले. "वो बहरा नई है. तू डर रई, तो वो सोच रा के इधर डरने का कुछ हैइच. पहले तू चुप बैठ. फिर उसकू आहिस्ता बोल. घर में कैसा बात करती?"

घरी मी त्याच्याशी कशी बोलायची ते मैदानावर बोलून दाखवायची मला लाज वाटली. पण दुसरा मार्गच राहिला नव्हता. मी हळू, मागच्या पायरीवर बोलायची तशी म्हणाले, "सुभेदार, बस रे बाबा. मी थकले." आणि तो बसला. माझ्याकडं तोंड करून, कान उभे करून, नीट बसला. शफीसरांनी त्यांचं ते अर्धं बोट वर केलं आणि नुसतं हसले. त्यानंतर आम्ही झपाट्यानं पुढं गेलो. माझ्या डाव्या गुडघ्याला चिकटून चालायचं, आडवं पडून तीन मिनिटं जागचं हलायचं नाही, हाकेला धावत यायचं. एवढंच नव्हे, क्लबच्या लोकांनी मैदानाच्या कडेला अडथळे मांडले होते, आडवे बांबू, टांगलेलं टायर, कापडाचा बोगदा. सुभेदार त्या बांबूंवरून उडी मारायचा तेव्हा माझेही पाय जमिनीवरून सुटल्यासारखे वाटायचे. मला एखादी गोष्ट येते, असं मला त्या वर्षात पहिल्यांदाच वाटलं.

परीक्षेच्या आधीच्या बुधवारी शफीसरांनी सगळ्यांना गोल उभं केलं. आदल्या संध्याकाळनंतर कुत्र्याला काही खायला द्यायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. एक कारण, भुकेला कुत्रा तुमच्या हातातल्या तुकड्यासाठी लक्ष देतो. दुसरं कारण त्यांनी हातानं दाखवून सांगितलं. मूठ धरली, पिळली आणि म्हणाले की मोठ्या छातीचा कुत्रा भरल्या पोटी उड्या मारेल तर पोटाला असाच पीळ पडतो, मग हवा आत कोंडते आणि कुत्रा वाचत नाही. पथकात त्यांचा एक कुत्रा असा गेला होता. मी हे सगळं ऐकलं होतं. नीट, शेवटपर्यंत ऐकलं होतं. पण घरी येऊन मी फक्त एवढंच सांगितलं, "रविवारी त्याला उपाशी न्यायचंय." दुसरं कारण सांगितलं असतं तर आईनं घाबरून त्याला परीक्षेलाच पाठवलं नसतं. म्हणून मी ते गिळून टाकलं.

"परीक्षेला आन उपाशी?" आईचा हात परातीतच थांबला. "कोन म्हनलं?"

"सरांनी सांगितलंय."

"त्या सरला लेकरं हायत का नाय?" एवढंच बोलून ती पुन्हा भाकरी थापायला लागली. त्या शनिवारी संध्याकाळी, तो घरी आल्यापासून पहिल्यांदाच, शेवटची भाकरी टोपलीत तशीच राहिली आणि सुभेदार स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हनुवटी टेकून तिच्याकडं बघत राहिला. वडील टीव्ही बघत होते, पण टीव्ही बघणारा माणूस इतक्या वेळा मागं वळत नाही.

रविवारी उजाडताच वडील त्याला फिरवून आणायला घेऊन गेले. आल्यावर ते आंघोळीला शिरले, आई देवापाशी बसली. मी मागच्या पायरीवर सुभेदाराचे केस विंचरत होते. तो माझ्या तोंडाकडं बघत होता. तसा तो रोजच बघायचा, पण त्या सकाळी मला त्याच्या डोळ्यांत फाटकापाशी दह्याची वाटी घेऊन उभी असलेली आई दिसली. मी उपाशी गेले आणि नापास झाले. हाही उपाशी जाणार. शफीसरांचं पिळलेल्या मुठीचं सगळं बोलणं माझ्या डोक्यात होतं, आणि त्याच्या वर माझ्या आईचं सोळा वर्षांचं बोलणं होतं. मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावरचे दोन धपाटे घेतले, दह्यात बुडवले आणि त्याला भरवले. त्यानं खाल्ले, पण अधाशासारखे नाही, सावकाश, मला बरं वाटावं म्हणून खाल्ल्यासारखे. परीक्षेची भीती त्यालाही वाटत असेल, असं मला वाटलं. मी त्याचं तोंड ओढणीनं पुसलं.

मैदानावर त्या दिवशी कापडी मांडव होता, लाउडस्पीकर होता, पुण्याहून आलेले परीक्षक होते. आईवडील दोघंही आले होते. आई ठेवणीतली साडी नेसून, कुत्र्यांपासून लांब, खुर्चीच्या अगदी कडेला बसलेली. शफीसर प्रत्येकाजवळ जाऊन विचारत होते. माझ्यापाशी आले, सुभेदाराच्या कानामागं खाजवलं.

"सच्ची बोल बेटा, पेट खाली है ना?"

मी म्हणाले, "हौ सर."

हे दोन शब्द माझ्या आयुष्यातले सगळ्यात महाग शब्द आहेत. मी नंतर पुष्कळ खोटं बोलले, नवऱ्याशी, ऑफिसात, बँकेच्या माणसांशी, आणि विसरूनही गेले. हे विसरता आलं नाही.

सुभेदार पास झाला. जरा जड चालत होता, वळताना अर्धं पाऊल मागं राहत होता, पण चुकला नाही. आडवं पडून तीन मिनिटं काढायची होती तेव्हा मी तीस पावलं लांब जाऊन पाठ करून उभी राहिले आणि मनात सगळे देव आठवले. वळून बघितलं तर तो तिथंच होता, माझ्यावर नजर लावून. परीक्षकांनी कागदावर सही केली, शिक्का मारला. वडिलांनी तो कागद दोनदा वाचला आणि या वेळी घडी घातली नाही. दोन्ही हातांत धरून उभे राहिले. आमचं काम तिथंच संपलं होतं. घरी जायचं, साळवेकाकांना कागद दाखवायचा, बस. पण लाउडस्पीकरवर अडथळ्यांच्या शर्यतीसाठी पास झालेल्या सगळ्यांची नावं पुकारायला लागले, आणि त्यात माझं नाव आलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, सगळ्या छावणीला ऐकू जाईल असं. निकालानंतर माझं नाव कोणी मोठ्यानं घेतलंच नव्हतं. नाही म्हणायला माझी जीभ वळली नाही.

तो धावला. बांबू, टायर, बोगदा, पुन्हा बांबू. बोगद्यातून बाहेर येताना त्याची जीभ बाहेर होती आणि तो हसतोय असं वाटत होतं. लोक टाळ्या वाजवत होते, आई खुर्चीवरून उठून उभी राहिली होती. शर्यतीत आमचा नंबर आला नाही, त्याचं मला काहीही वाटलं नाही. तो बादलीतलं पाणी घटाघट प्यायला आणि मी त्याला मांडवाच्या सावलीत बांधलं.

तासाभरात तो उठबस करायला लागला. कूस बदलायचा, मान वळवून स्वतःच्या पोटाकडं बघायचा. मग ओकारी यायला लागली, पण बाहेर काही पडेना, नुसती लाळेची तार. मी त्याच्या पोटावर हात ठेवला तर ते टणक होतं, फुगलेलं. मला त्याच क्षणी कळलं. शफीसर मैदानाच्या पलीकडच्या कडेला होते. तिथून त्यांनी बघितलं आणि त्या वयात ते धावत आले. बोटांनी पोटावर टिचकी मारली. ढोलकीसारखा आवाज आला.

"किसने खिलाया इसकू?" ते ओरडले. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. "बोलो! किसने?"

मी आईकडं बघितलं, आई वडिलांकडं बघत होती, वडील जमिनीकडं. दोघांना माझ्यावर संशय आलाय आणि ते मला वाचवायला गप्प आहेत, असं मला वाटलं. त्या विचारानं माझी जीभ आणखीच आत ओढली गेली.

रविवार होता. सरकारी दवाखाना बंद, एका डॉक्टरांचा फोन लागेना, दुसरे लासूर स्टेशनला कोणाच्या गोठ्यावर गेलेले. तिसरे क्रांती चौकाजवळ घरीच होते. शफीसर स्कूटरवर पुढं, हॉर्नवरचा अंगठा न काढता, आणि मागं रिक्षात आम्ही चौघं, सुभेदार माझ्या आणि आईच्या मांडीवर आडवा. आई, जी कधी त्याला हात लावायची नाही, त्याचं डोकं पोटाशी धरून बसली होती. ठेवणीतल्या साडीवर लाळेचे डाग पडत होते. "व्हईल बरं, व्हईल बरं," ती एकसारखं म्हणत होती. प्रत्येक खड्ड्यागणिक तो कण्हायचा. भडकल गेटापाशी गाड्या अडकल्या होत्या. वडील उतरून रस्त्याच्या मध्ये उभे राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडायला लागले. कधी कोणापुढं न वाकलेला माझा बाप मोटारसायकलवाल्या पोरांना हात जोडून म्हणत होता, "वाट द्या हो, लेकरू आजारी हाय." मी मनात एकच गोष्ट घोकत होते. हा वाचू दे, मी सगळं सांगते. हा वाचला तर मी सगळ्यांसमोर सांगते.

डॉक्टरांनी पोटात जाड सुई घातली. हवा सुस्कारा टाकल्यासारखी बाहेर आली आणि सुभेदारानं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, झालं, सुटलो. पण डॉक्टर नळी आत घालत होते आणि ती जात नव्हती. "पीळ पडलाय," ते म्हणाले. "पोट गच्च भरलेलं दिसतंय. काय खायला दिलं होतं? कधी?" आईनं पदर तोंडावर धरला. मी म्हणाले, "काही नाही." ते पोट उघडायची तयारी करत होते, हात धुऊन सलाइन लावत होते, तेवढ्यात टेबलावर त्याचा पाय ताणला गेला. मी हळू, मागच्या पायरीवर बोलायची तशी म्हणाले, "सुभेदार, थांब रे." तीन मिनिटं न हलता थांबायला शिकलेला माझा कुत्रा. थांबला नाही.

हर्सूल तलावाकडच्या वाटेवर एका ओळखीच्या माणसाच्या शेतात त्याला पुरलं. त्याच संध्याकाळी वडील कागद घेऊन साळवेकाकांकडं गेले. काकांनीच ते मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. वडील दारातच उभे राहिले, कागद पुढं केला आणि म्हणाले, "पास झालं आमचं कुत्रं." काका म्हणाले, "अरे वा, अभिनंदन!" वडिलांनी मान डोलावली आणि परत आले. कुत्रं राहिलेलं नाही हे काकांना दुसऱ्या दिवशी कळलं. कुलकर्णी गुरुजी वॉकर टेकत टेकत आमच्या ओट्यापर्यंत आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तसेच टेकत टेकत गेले.

ऑक्टोबरच्या परीक्षेला मी पुन्हा गणिताला बसले. त्या सकाळी मी मुद्दाम स्वयंपाकघरात घुटमळले, दप्तराचा पट्टा नीट केला, सोडला, परत नीट केला. आई ओट्याकडं तोंड करून उभी होती. वळली, तिचे हात रिकामे होते. "नीट जा," म्हणाली. दही नाही, धपाटं नाही, 'खाऊन जा' नाही. मी उपाशीच गेले आणि पास झाले. घरी येताना मला वाटत होतं, हिला कळलंय. ओट्यावरचे दोन धपाटे कमी झालेले तिनं मोजले असणार, आणि ती मला जन्मात माफ करणार नाही. मला तिचा रागही यायला लागला. सांगत का नाही तोंडावर, एकदा शिव्या देऊन मोकळी का होत नाही? माझं लग्न झालं, नोकरी लागली, शहराच्या पाट्या बदलून छत्रपती संभाजीनगर झालं, वडील गेले. माहेराहून निघताना आई पिशवीत काय काय भरून द्यायची. 'खाऊन जा' मात्र कधी म्हणाली नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

यंदा माझ्या मुलीची दहावी. तिचं केंद्र हर्सूलकडं आलं म्हणून गणिताच्या पेपराला आम्ही आईकडंच मुक्कामाला होतो. सकाळी मुलगी आतल्या खोलीत शेवटची सूत्रं पुटपुटत होती. आई भाकऱ्या करत होती. आता हात थरथरतात, भाकरी एका कडेला जाड राहते. मुलगी आतूनच ओरडली, "मी काही खाणार नाहीये हं, मळमळतंय." मी आईकडं बघितलं. ती पुढची भाकरी थापत राहिली. आणि माझ्या आत इतकी वर्षं कोंडलेलं ते एकदम बाहेर आलं.

"आता तरी म्हण ना गं," मी म्हणाले. "नातीला तरी म्हण. माझ्यावरचा राग तिच्यावर कशाला?"

"कसला राग?" आई खरंच गोंधळली.

"सुभेदाराचा. मी त्याला दोन धपाटे चारले होते त्या सकाळी, ते तुला माहीतय. पहिल्यापासून माहीतय. पीळ पडतो हेसुद्धा मला सरांनी सांगितलं होतं, ते मी तुम्हाला सांगितलं नाही. घे, बोलले एकदाची."

आईनं गॅस बंद केला. तवा तापलेला तसाच. ती खाली बसली, भिंतीला टेकून.

"तू बी दिलतंस?" ती म्हणाली. "अगं मने, मी उठल्या उठल्या भाकर करून दुधात कुस्करून घातली त्याला. आदल्या दिवशीची ती शेवटची बी घातली. दोन भाकरी. तू गनिताला उपाशी गेलती ते डोळ्यापुढून हालत नव्हतं. म्हनलं, ह्याचं तरी तसं होऊ नये." तिनं मांडीवरचं पीठ झटकलं. "माझ्या हातानं गेलं ते. तवापासून कोनाला खा म्हनायचं माझं तोंडच उघडलं नाय."

मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"अजून हाय," आई म्हणाली. तिचा आवाज पार खाली गेला होता. "त्याला पुरून आलो त्या दिवशी तुझ्या बापानं मला इचारलं व्हतं. म्हनले, फिरवायला नेलं तवा मी डेअरीवर दोन पाव चारले गं त्याला, त्यानंच गेलं का? मी म्हनलं, नाय, पावानं कुठं मरतंय. आन माझं सांगितलंच नाय. ते मरेपर्यंत सांगितलं नाय, मने. त्या मानसानं पुन्हा कधी पावाला हात लावला नाय, आन मी नुसती बघत बसले."

वडील पाव खात नसत. आम्ही सगळे त्यांना त्यावरून चिडवायचो, मीसुद्धा. चहात चपाती बुडवून खाणारा गावठी माणूस म्हणायचो. मी आईचा हात धरला. पिठानं कोरडा झाला होता. तिघांनी एकाच सकाळी, एकमेकांच्या नकळत, एकाच जिवाला भरवलं होतं, आणि तिघंही एकाच घरात एकेकटेच त्याचे मारेकरी होऊन राहिलो.

आतून मुलगी आली, खांद्याला सॅक, हातात पॅड. "आई, निघते. तुम्ही दोघी खाली का बसलाय?" मी डोळे पुसले. ती चपला घालायला दाराकडं वळली. आई भिंतीला धरून उठली. तिचे ओठ दोनदा नुसतेच हलले, आणि मग तो आवाज आला, चिरका, न वापरल्यानं गंजलेला.

"खाऊन जा गं."

मुलीनं आजीच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं, पण तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. घड्याळाकडं बघितलं, तोंड वाकडं केलं, सॅक तशीच पाठीवर ठेवून पाटावर बसली. "बरं, अर्धी दे फक्त," म्हणाली.

आईनं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. मग आईनं दह्याची वाटी तिच्यापुढं ठेवली आणि भाकरी अख्खी वाढली.